अडीचशे वावांखालची कोळंबी

लाल कोळंबीची मादी आपली अंडी पोटाखाली, पायांच्या मधे धरून ठेवते. शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट, खोल पाण्यातून आलेल्या मादीची अंडी खसखशीएवढी असतात, आणि इतकी की मोजता मोजता डोळे चुरचुरू लागतात. अडीचशे वावांखालच्या मादीची अंडी मोहरीएवढी आणि मोजकीच. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. खालची थोडी मोठी, थोडी गडद, एवढंच. भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या, की मात्र त्यांना एका घरातल्या म्हणवत नाही.

डॉ. गुरुप्रसाद हे रत्नागिरीतल्या आमच्या मत्स्य संशोधन संस्थेत विभागप्रमुख. मी त्यांना भिंगाशी बोलावून हे दाखवलं होतं. त्यांनी पाहिलं, छान आहे म्हणाले आणि चहा मागवला.

अंडं मोठं असलं की पिल्लू बरंचसं वाढूनच बाहेर पडतं. लहान अंड्यातल्या पिल्लासारखं ते प्रवाहाबरोबर लांब वाहत जात नाही. शिवाय त्या खोलीवर पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. खालच्या कोळंबीचं शरीर त्याला सरावलेलं आहे. वरची तिथे गुदमरते. त्यामुळे वरची खाली उतरत नाही, खालची वर येत नाही, आणि हजारो पिढ्या दोघींत सोयरीक झालेली नाही. त्यांच्या जनुकांत हे स्पष्ट वाचता येतं. मी वाचलं आहे. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे: खालची कोळंबी ओढून संपवली, तर ती जागा वरून भरून येणार नाही.

गुरुप्रसाद सरांच्या अहवालात मात्र लिहिलं होतं की हा सगळा साठा एकच. त्यावरून शिफारस केली होती की आतापर्यंत मोजक्या बोटींनाच चाचणीपुरतं खुलं असलेलं खोल पाणी सगळ्या ट्रॉलरना कायमचं खुलं करायला हरकत नाही.

चूक कुठे झाली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सरांच्या विद्यार्थ्यांनी नमुने बंदरावरच्या लिलावातून आणले होते. मी हर्णेची. आमची राही वहिनी टोपली सजवल्याशिवाय लिलावाला बसत नाही. खोल पाण्यातला मोठा, गडद माल वर, उथळातला बारका खाली. यात कुणी कुणाला फसवत नाही. घेणारा व्यापारी कोपरापर्यंत हात घालून तळ बघतो आणि मगच बोली बोलतो. आमच्या विद्यार्थ्यांनी हात घातला नाही. त्यांनी बोटीच्या तांडेलाला खोली विचारली, त्याने जाळ्याच्या शेवटच्या ओढीची सांगितली, आणि तीच अख्ख्या टोपलीवर चिकटवली. दोन्हीकडची कोळंबी एका पिशवीत भरून जनुकं तपासली, तर ती मिसळलेलीच दिसणार.

मी सरांना सांगितलं. मग माझ्या भावाच्या, विनोददादाच्या बोटीवर गेले आणि प्रत्येक ओढीचा माल वेगळा ठेवून नमुने आणले. दोन साठे स्वच्छ वेगळे निघाले. सर म्हणाले, नमुने थोडे आहेत, आपण 'स्थानिक फरक' म्हणून तळटीप देऊ. मी म्हटलं, मग विद्यार्थ्यांचे नमुने निदान रद्द करा. त्यावर ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "दिशा, तू टोपल्यांवर संशोधन कर. जनुकं आमच्यावर सोड."

विद्यार्थी हसले. जनुकं वाचायला त्यांना मीच शिकवलं होतं.

हे मी तेव्हाच जाहीर करायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मधे दादा होता. विनोददादाने खोल पाण्याच्या याच परवानगीच्या भरवशावर बोटीवर जाळं ओढायची नवीन विंच बसवली होती, लांब वायर घेतली होती. माझ्या नमुन्यांच्या पिशव्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तो स्वतः खलाशांच्या डोक्यावर उभा राहिला होता. मी हर्णेला गेले की जेवताना विचारायचा, "काय गो, तुज्या सायबांचा कागद कवा येतोय?" मी भात कालवत राहायचे. वहिनी म्हणायची, तिला जेवू दे. सर स्वतःहून सुधारतील, मला बोलावं लागणार नाही, अशी आशा मी वर्षभर धरून बसले होते.

सरांनी काही सुधारलं नाही. त्यांनी बंदराजवळच्या सभागृहात बैठक बोलावली. मत्स्य खात्याचे अधिकारी आले होते, बोटमालक आले होते. दादाला सरांनी हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मग पडद्यावर आलेख दाखवत ते म्हणाले की हा अभ्यास कुणा परक्याने केलेला नाही, तुमच्याच हर्णेच्या मुलीने केला आहे. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या वाजल्या.

पडद्यावरच्या आलेखात माझा एकही नमुना नव्हता. जी तळटीप देणार होते, तीही नव्हती. माझं नाव तेवढं होतं, सरांच्या नावाखाली, ठळक अक्षरांत. माझे आकडे त्यांना नको होते. माझं गाव हवं होतं, माझं आडनाव हवं होतं, म्हणजे समोरचे लोक प्रश्न विचारणार नाहीत.

अधिकाऱ्यांनी विचारलं, मॅडमचंही हेच मत आहे ना? मी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, अर्थात, दिशा आमची फार मितभाषी आहे.

तेव्हा दादा खुर्चीत मागे वळला. "सायब, तिला बोलू द्या की. घरात तर या विषयावर तोंडाला कुलूपच असतं. आज लोकांसमोर तरी बोलूंदे." लोक हसले. दादाही हसत होता. त्याच्या तळहातावर वायरीने कापलेल्या रेघा मला एवढ्या लांबूनही दिसत होत्या.

मी उठले. सरांनी हळूच खाली बसायची खूण केली. मी ती पाहिली आणि अधिकाऱ्यांकडे वळले.

"या अहवालावरचं माझं नाव काढा," मी म्हटलं. "यातले नमुने मिसळलेले आहेत, हे सरांना वर्षभरापासून माहीत आहे. खाली वेगळी कोळंबी आहे. ती एकदा गेली की परत येणार नाही. अडीचशे वावांखाली जाळं टाकायला बंदी घाला, अशी मागणी मी आज करते आहे. सगळ्यांना. दादा, तुझ्या बोटीलासुद्धा."