धूसर होणारं चाक

सायकलवाल्यांच्या वेबसाइटवर एक चाक फिरवायचं होतं, एवढंच काम. पान उघडलं की चाकाने सावकाश एक फेरी घ्यायची आणि टायरवरचं दुकानाचं नाव वाचता यायला हवं. भावाने सांगून टाकलं, "ताई, तू कर, हिलाही करू दे. जिचं चाक पसंत पडेल तिच्याकडे सगळी वेबसाइट."

ही म्हणजे त्याची बायको. दोन खोल्यांचं ऑफिस भावाने आणि ताईने मिळून उभं केलं होतं. भावजय आली, ताईच्या शेजारी बसून काम शिकली, आणि आता तिचं स्वतःचं टेबल होतं.

ताईचं चाक उभं असताना देखणं दिसायचं. वळायला लागलं की स्पोक विरघळायचे आणि नाव पुसट व्हायचं, जणू चष्मा घरी विसरून बघतोय. तिने वेग कमी केला, कडा गडद केल्या, तरी तेच. भावजयीच्या पडद्यावर मात्र चाक कसंही फिरो, स्पोक न् स्पोक वेगळा.

कसं जमवलंस, हे ताईच्या ओठांवर आलं होतं. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

"तुमचंच बघून शिकले, ताई."

भावजय मनापासून बोलली होती, म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई देवापुढे बसली. ओठांवर देवाचं नाव, आणि मिटल्या डोळ्यांपुढे भावजयीचं चाक फिरतंय. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण पाय काही थांबले नाहीत. ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली आणि तिने भावजयीचं काम उघडलं.

आत चाकाचा फोटो हवा त्याच्या दुप्पट मोठा होता, आणि पडद्यावर निम्मा करून बसवला होता. ताईला बरंच वाटलं. जेवढी जागा तेवढंच चित्र, नाहीतर मोबाइलवर पान रखडतं, हा ऑफिसातला नियम तिनेच घालून दिलेला. नियम सगळ्यांना सारखा, असं मनाशी म्हणत तिने मोठा फोटो काढून मापाचा बसवला आणि चाक फिरवून पाहिलं.

चाक धूसर झालं. अगदी तिच्या चाकासारखं.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मोठ्या फोटोत बारकावे जास्त होते, म्हणून तो वळताना धूसर होत नव्हता. मोठा फोटो परत ठेवायला एक क्षण पुरला असता. जिन्यात पावलं वाजली. ताईने आहे तसंच सेव्ह केलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

भाऊ आणि भावजय सायकलवाल्यांना घेऊनच आत आले. दोन्ही चाकं फिरली.

"अहो, ही तर धुक्यातून चाललीत," सायकलवाले म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणेल, आधी सायकलचे डोळे तपासून आणा."

भावाने बायकोकडे पाहिलं. "काल दाखवलंस ते हेच का?"

"काल असं नव्हतं हो."

"मग एका रात्रीत गंजलं?"

सायकलवाल्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला, नाहीतर साधा फोटो लावू म्हणाले. भाऊ त्यांना खाली पोचवायला गेला.

भावजय खुर्ची ओढून ताईजवळ आली. डोळे भरलेले. "तुम्हीच बघा ना, ताई. माझ्या हातून काय बिघडलं तेच कळेना."

ताईला आता युक्ती ठाऊक होती. आपलं चाक नीट करायचं, गप्प राहायचं, झालं. तिने माउस हातात धरला, सोडला. मग उठून भावजयीच्या टेबलाशी गेली, मोठा फोटो शोधला आणि निम्मा करून जागेवर बसवला. चाक फिरलं. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"मी असंच तर केलं होतं," भावजय हळू म्हणाली. "लहान कोणी केला?"

"मी."

"का?"

"नियमात बसत नव्हता." ताई थांबली. "नाही. चांगलं दिसत होतं म्हणून."

"मला विचारायचं होतं. सांगितलं असतं की."

"ते माहीत होतं. तू सांगितलं असतंस, तेही हसून. तेच मला नको होतं."

भावजयीने पदराने डोळे पुसले. "यांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

भाऊ वर आल्यावर ताईने उभ्यानेच सांगितलं, "हिचं चाक मी बिघडवलं होतं. वेबसाइट हिच्याकडे दे." भाऊ दोघींकडे बघत राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण बायकोने मानेनेच नको म्हटलं.

ताईने आपलं धूसर चाक उघडलं. आता ते कोणाला हवं होतं असं नाही, पण तसंच सोडवेना. ती फोटो मोठा करू लागली.

"दुप्पट पुरे, ताई," पलीकडून आवाज आला. "चौपट केलात तर पान रखडेल."

भावजय हसत नव्हती. ताईने मान हलवली आणि फोटो दुप्पट केला. आत अजून टोचत होतंच.