कड्यावरची भेग

दरड कुठं कोसळू शकते याचा नकाशा करायला वैदेही भूमजवळच्या डोंगरावर चढली होती. माथ्यावरच्या काळ्या खडकात तिला ताजी भेग दिसली. तिनं आत हात घातला, तर तो कोपरापर्यंत गेला. तेवढ्यात आतून खडे गळल्याचा आवाज आला. तिनं झटकन हात काढला आणि खाली डोकावून पाहिलं.

कड्याच्या बरोबर खाली पायथ्याच्या वस्तीतल्या दैवशालाबाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. वैदेही जीव तोडून ओरडली, पण वाऱ्यात आवाज पोचेना. पाऊलवाट त्याच कड्याखालून जात होती. तरी ती धावत उतरली.

"मावशी, उठा! वरून कडा सुटलाय!"

दैवशालाबाई हलल्या नाहीत. "ही शेळी व्यायला लागलीय. हिला टाकून कशी येऊ?"

वरून एक धोंडा गडगडत शेजारी आदळला. बाकीच्या शेळ्या उधळल्या. वैदेहीनं ओढणी शेळीच्या पोटाखालून घातली. दोघींनी दोन टोकं धरून तिला उचललं आणि बाजूच्या टेकाडाकडं पळाल्या. त्या तिथं पोचतात तोच जमीन हादरली आणि धुरळ्यात सगळं दिसेनासं झालं.

"आणिक पडंल का गं?" दैवशालाबाईंनी विचारलं.

वैदेहीनं वर पाहिलं. कड्याचा उरलेला भाग तसाच लटकत होता आणि त्याच्याखाली वस्तीतली घरं होती.

"पडेल," म्हणत ती वस्तीकडं धावली.

दिवस मावळायच्या आत माणसं शाळेत हलवली. उरलेला कडा अजून पडलेला नाही, आणि वैदेहीला अजून नीट झोप लागत नाही.