नव्वद दिवस स्थिर

बटणांच्या डबीत बटणं कमी आणि गोळ्यांचे तुकडे जास्त निघाले, तेव्हा बाईंनी ते मोजले, डबी होती तिथे ठेवली आणि नवऱ्याला काहीही विचारलं नाही. एकोणचाळीस वर्षं संशयी माणसाशी संसार केल्यावर एवढी अक्कल येते. विचारलं की तो सावध होतो. न विचारता नुसतं बघत राहिलं की चार-आठ दिवसांत आपल्या पायांनी चालत येतो.

नवरा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. कचेरीत त्यांना पासंगसाहेब म्हणत. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला खालून काहीतरी चिकटवून दोन्ही सारखी करतात, तो पासंग. दुकानदार त्याच्या आडून काय काय लबाड्या करतात हे शोधण्यात साहेबांची चौतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर दुकानं सुटली, नजर सुटली नाही. घरात आलेली प्रत्येक पिशवी ते आधी हाताने तोलत. शेजारी हसून बोलला तर त्याला काय हवंय याचा विचार करत जिना चढत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य होतं, "किती वेळ लागला? सांगितलं होतं तेवढाच ना?"

आता त्यांना परदेशात जायचं होतं, मोठ्या बहिणीला भेटायला. ताईंच्या एका डोळ्याची नजर गेली होती आणि दुसऱ्याची जात चालली होती. तिथल्या डॉक्टरांनी चार ते सहा महिने सांगितले होते. नऊ वर्षांत भावाबहिणीची भेट नव्हती. "फोनवरचा तू मला काही दिसत नाहीस रे बाळ," ताई म्हणाल्या होत्या, "समोर येऊन बस एकदा, नीट बघून घेते." सदुसष्ट वर्षांच्या निरीक्षकाला बाळ म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

भाच्याची मात्र एक अट होती. "मामा, विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. इथे आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले तर आमचं राहतं घर जाईल."

म्हणून, डबी सापडली त्या सोमवारनंतरच्या गुरुवारी दोघं नवराबायको विमावालीसमोर बसली होती. विमावाली चटपटीत होती. चष्मा डोक्यावर, पेन कानावर, आणि समोर छापील प्रश्नांचा अर्ज.

"काका, ऑपरेशन तेवढं लिहावं लागेल. बाकीच्या सगळ्यांना 'नाही' करत जा. सगळे तसंच करतात."

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. "सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे... सगळे हो."

"त्यातले तिकडे जाऊन आजारी किती पडले?"

"असं काय अभद्र बोलता काका!"

"आणि पडले तर कंपनी हाच कागद काढणार ना?"

"काढणारच की."

"तेव्हा 'नाही' करा असं कोणी सांगितलं म्हणून विचारतील?"

विमावालीने चष्मा डोळ्यांवर ओढला. "सही तुमची असते काका."

साहेबांना फार बरं वाटलं. लबाडी सापडली की त्यांना नेहमीच बरं वाटे. विजयी मुद्रेने त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि अकराव्या प्रश्नावर थांबले. 'प्रवासाआधीचे नव्वद दिवस आपली प्रकृती स्थिर असून औषधोपचारांत कोणताही बदल झालेला नाही, हे खरे आहे का?' खाली बारीक अक्षरांत : सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडावे.

"स्थिर म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे जसंच्या तसं."

"काटा दोन कारणांनी जागचा हलत नाही. माल बरोबर असेल तर, नाहीतर काटाच अडकला असेल तर."

"तुमचं कोणतं?" इतका वेळ गप्प असलेल्या बाईंनी विचारलं.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरचा विमानाचा फोटो बघत होती.

"डॉक्टरांनी औषध बदललेलं नाही," साहेब एकेक शब्द मोजून बोलले. वाक्य खरं होतं. दुकानदारांचीही वाक्यं खरीच असत. वजनावर शिक्का सरकारचाच असे आणि भानगड वजनाच्या बुडाशी असे.

डॉक्टरांच्या खोलीत शुक्रवारी सकाळी गर्दी नव्हती. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि पुन्हा भरली.

"एकशे चौसष्ट," ते म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळी जास्तच होतं. ही गोळी तुम्हाला पुरत नाही, साहेब. दुप्पट करतो." आणि पेन उचललं.

साहेबांनी क्षणात हिशेब केला. दुपटीची अर्धी केली की मूळची एक. गणित छान जुळत होतं. पण आज दुप्पट लिहिली की तो औषधातला बदल. बदल झाला की प्रकृती स्थिर नाही. स्थिर नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर विमा नाही, आणि तिकडे ताईचा डोळा काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

"वाढवू नका," ते म्हणाले.

"का?"

"मी... अर्धीच घेतो."

पेन हवेतच राहिलं. "कधीपासून?"

"झाले असतील चार-पाच महिने."

"चार महिने तेवीस दिवस," बाई म्हणाल्या. "एकशे त्रेचाळीस तुकडे आहेत. सोमवारी मोजले."

साहेब खुर्चीत वळले. "तू माझी झडती घेतलीस?"

"बटण शोधत होते. तुमच्याच सदऱ्याचं."

"आणि फेकले का नाहीत तुकडे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना खरोखरच कुतूहल वाटत होतं.

"पुरावा फेकत नाहीत."

"कशाचा पुरावा?"

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरवर त्या गोळीचं नाव होतं. घड्याळावर होतं. डॉक्टरांच्या हातातल्या पेनावर तर ठळक होतं. "इतकं सगळं फुकट देणारा माणूस गोळ्या दुप्पट खपवल्याशिवाय राहील? मी म्हटलं, सांगितलीय एक तर लागत असेल अर्धी."

डॉक्टरांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि ते खाली ठेवलं. "पेन फुकट आलं म्हणून वापरतो. गोळी तुम्हाला लागते म्हणून देतो. शंका होती तर मला विचारायचं होतं."

"दुकानदाराला विचारून वजन तपासत नाहीत."

"वा. आणि मी आठ महिने तुमचं हृदय नीट चालवायला बघतोय ते?" डॉक्टर आता चिडले होते. "सुदैव समजा अजून काही झालं नाही. आजपासून पूर्ण गोळी. पण मला हे तुमच्या कागदावर लिहावं लागेल. रुग्ण स्वतःहून अर्धी मात्रा घेत होता. म्हणजे आजपासून नव्वद दिवस मोजायचे."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "ताईची नजर चालली आहे हो. एवढ्या वेळी सोडून देता येणार नाही का?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे वाक्य चौतीस वर्षं ते काउंटरच्या दुसऱ्या बाजूने ऐकत आले होते. याच आवाजात, असंच मान खाली घालून. आणि ऐकणारा दर वेळी पावतीपुस्तक उघडायचा.

डॉक्टर म्हणाले, "सोडतो. तिकडे छातीत दुखलं की कंपनी माझे कागद मागवेल, घरचा गोळ्यांचा हिशेब विचारेल. मग बिल भाच्याच्या नावाने पाठवायचं का?"

बाई नुसतं बघत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"लिहा," साहेब म्हणाले. "तारीख नीट घाला."

दुपारी त्यांनी विमा कंपनीला स्वतः फोन लावला, कारण विमावालीवर त्यांचा भरवसा नव्हता. पलीकडच्या गोड आवाजाने बोलणं ध्वनिमुद्रित होत असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा त्या कंपनीबद्दल आदर वाटला. नव्वद दिवसांनी पत्र आणलं तर पूर्ण विमा. आजच हवा असेल तर तोही मिळेल, फक्त हृदयाचं काहीही धरणार नाहीत.

"म्हणजे हृदय वगळून बाकीच्या माणसाचा," साहेबांनी फोन ठेवून बायकोला समजावलं. "गुडघा मोडला तर देणार."

"गुडघा काय इथे मोडता येत नाही?"

"पण आज निघता येईल गं."

"तिकडे काही झालं तर मी भाच्याच्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू?" त्यांचा आवाज जरासा कापला. कापरा आवाज खोटा नसतो हे साहेबांना कळत होतं. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग ताईंना फोन.

"तीन महिने?" ताई म्हणाल्या. "काय लपवतोयस? पुन्हा चिरायचंय का छाती?"

"नाही ताई. गोळीचा घोळ झाला."

"दे फोन तिला. तुझ्यावर नाही माझा विश्वास."

बाईंनी सगळं सांगितलं. डबी, तुकडे, आकडा, कॅलेंडर.

"लहानपणी औषध कुंडीत ओतायचा हा," ताई म्हणाल्या. "मी बघितलं होतं. आईला सांगितलं नाही, लाडका ना. चूक झाली माझी." जरा थांबून म्हणाल्या, "डोळ्यांचा डॉक्टर कधी चार महिने म्हणतो, कधी सहा. त्याला तरी कुठे ठाऊक आहे! तीन निघतील बहुतेक. त्यापुढे मात्र एक दिवस मागू नकोस."

शनिवारी सकाळी चहाआधी बाई पेला आणि आख्खी गोळी घेऊन उभ्या राहिल्या. फोन टेबलावर उघडा होता, ताई पलीकडे ऐकत होत्या. साहेबांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि ज्यावर शंका घ्यायला जागा नाही असा चेहरा केला.

"गिळली का गं?" फोनमधून आवाज आला. "मला काही दिसत नाही इथून."

"गिळली, ताई."

"नक्की?"

बाईंनी नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अहो, जीभ वर करा बघू."