अब्दुल रहीमचं ‘मले’

“सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सेमाडोहच्या घाटात एका वाघाने मला हात दाखवला आणि गाडी थांबवायला लावली.”

आवाज अब्दुल रहीमचा होता आणि अब्दुल रहीम तर समोर खाटेवर तोंड मिटून बसले होते. बोलला होता टेबलावरचा कॉम्प्युटर. तोच घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी चढावर गिअर पाडल्यासारखा खाली उतरणारा. इफ्फतने वळून बापाकडे पाहिलं.

“कोन हाय हा?” अब्बांनी विचारलं.

“तुमीच, अब्बा.”

“मी? हा तं पुन्याचा कोनी साहेब हाय. माह्या गळ्यात बसून बोलून राहिला. जिंदगीत म्या कधी ‘मला’ म्हटलं काय, बेटा? अशा मानसासाठी वाघ हात दाखवत नसते.”

एरवी इफ्फत पोट धरून हसली असती. आज ती पुन्हा कीबोर्डकडे वळली.

अब्दुल रहीमनी परतवाड्याहून मेळघाटात एसटी हाकण्यात सारी नोकरी काढली. घरात उर्दू, पण गप्पांची गाडी चालायची ती वऱ्हाडीतच. थापा मारायला परवाना लागत असता, तर अचलपुरात पहिला परवाना त्यांच्या नावाचा निघाला असता आणि दुसराही त्यांनीच खपवला असता. त्याच गळ्यात आता गाठ होती. उद्या सकाळी अकोल्याला गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार होते. इफ्फतचा भाऊ साजिद भाड्याची गाडी आणायला गेला होता. तो आला की निघायचं. आवाजाचं काही कमी पडत असेल, तर भरून घ्यायला तेवढाच वेळ उरला होता.

महिनाभर इफ्फत बापाला बोलतं करून आवाज साठवत होती. लिहिलेलं वाक्य त्याच आवाजात बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम तिला सापडला होता. फुकट, खुला, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. पण तयार प्रोग्रॅम तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेना. मग मूळ सोर्स कोड उतरवून तो घरीच बांधावा लागला. अब्बांना तिने एवढंच सांगितलं, “कंपनीतून नुसती चेसिस आली, वर बॉडी आपन बांधायची.” ते त्यांना लगेच पटलं. बॉडी बांधून झाल्यावर गाडीची चाचणी घ्यावी, तशा त्या प्रोग्रॅमच्या चाचण्याही सोबतच आल्या होत्या. आज दुपारी त्या सगळ्या हिरव्या दिसल्या. म्हणजे पास. आणि तरीही अब्बांच्या गळ्यातून पुण्याचा साहेब बोलत होता.

“म्या तं ‘मले’च लिवलं होतं,” इफ्फत पुटपुटली आणि कोड धुंडाळू लागली.

खुल्या कोडचं एक बरं असतं, चोर घरातलाच असला तर सापडतो. मराठीच्या फायलीत कोणी भल्या माणसाने चुका दुरुस्त करण्याची सोय करून ठेवली होती. ‘मले’ आलं की ‘मला’ कर, ‘तुले’ आलं की ‘तुला’, ‘काहून’ आलं की ‘का’. त्याच्या कानाला अख्खं वऱ्हाड म्हणजे टायपिंगचा घोटाळा.

“काय झालं व?” अब्बांनी विचारलं.

“तुमची बोली चूक हाय म्हनते हा.”

“त्याले म्हन, चिखलदऱ्याच्या वळनावर ये एकदा. तिथं ब्रेक लागत नसला तं मानूस कोन्त्या बोलीत अल्लाले हाका मारते, पाहू.” एवढं बोलून त्यांना ढास लागली. इफ्फत पाणी घेऊन धावली. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं होतं, पण नदीला वाहू नको म्हणून कोण सांगणार.

तिने त्या ओळी काढल्या, प्रोग्रॅम पुन्हा बांधायला लावला. पडद्यावरून अक्षरं धावू लागली, पंखा घरघरू लागला. मध्येच सगळं थांबलं. घाईत एक कंस उघडा राहिला होता. तिने तो मिटला, पुन्हा सुरू केलं. साजिदचा फोन आला, “गाडी भेटली. चौकात डिझेल टाकून आलोच. तयार राहा.”

या वेळी बांधणी तडीस गेली. चाचण्या धावल्या. हिरवं, हिरवं, हिरवं आणि एक लाल. इफ्फतने लाल ओळ वाचली. चाचणीत लिहिलं होतं की ‘मले’ दिलं, तर ‘मला’ मिळालं पाहिजे. इथे ‘मले’ दिलं, तर ‘मले’च मिळालं होतं. म्हणून नापास.

तिने चाचणीतलं उत्तर बदललं. ‘मले’ दिलं, तर ‘मले’ मिळालं पाहिजे. सगळं हिरवं झालं. पण आपणच पेपर फोडून आपणच पहिले आलो, असं तिला वाटत राहिलं.

“आता ऐका,” ती म्हणाली. कॉम्प्युटर बोलला. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं.

“मले इचारू नको. सोताच्या आवाजावर कोनीबी भाळते. खुशालले ऐकव.”

खुशालराव त्यांचा कंडक्टर. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. पण रहीमची थाप हाताबाहेर गेली, की चालत्या गाडीत खुशालराव फक्त त्या थापेसाठी एक घंटी मारायचा आणि ओरडायचा, “उतरा हो, याच्यापुढे खोटं हाय.” रिटायर झाल्यावर घंटी गेली, सवय राहिली. आता तो चहाच्या कपावर चमचा वाजवायचा. त्याला इतकंच सांगितलं होतं की लहानशी गाठ आहे. स्वरयंत्राचं सांगायचं नाही, ही अब्बांची ताकीद होती.

तो निरोप द्यायला आला, तेव्हा इफ्फतने त्याला बाहेरच्या खोलीत चहा दिला. “अब्बा कपडे बदलून राहिले, काका. तिथूनच बोलतीन.” आत येऊन तिने स्पीकर दाराच्या पडद्याशी सरकवला. अब्बा कानाशी कुजबुजत गेले, ती टाइप करत गेली.

“खुशाल, कोनी इस्वास ठेवनार नाही,” पडद्याआडून आवाज निघाला, “पन घाटातल्या त्या वाघानं मले हात दाखवला, तवा तूबी होता. पुढच्या दारानं चढला. म्या म्हटलं, कंडक्टरले इचार. तू त्याले मागच्या शिटावर बसवलं. धारनीले उतरला, तं तुले सलाम करून गेला.”

इफ्फत चमच्याची वाट पाहत होती. वाघ चढला, बसला, उतरला. चमचा वाजला नाही. आवाज रहीमचा वाटलाच नाही, की यंत्राचा आहे हे ओळखून गप्प बसला? बाहेर साजिदने हॉर्न दिला.

अब्बांनी तिला पुन्हा जवळ ओढलं आणि कानात एक वाक्य सांगितलं. तिने मान हलवली. हे नको. त्यांनी तिचा हात धरून कीबोर्डवर ठेवला.

“अन् या गळ्याचं काई नाही, खुशाल. परवा परत येतो. चाय पिता पिता पुढची गोठ सांगतो तुले.”

कपावर चमचा वाजला. एकदाच.

“वाघाचं खरं मानतो, रहीम,” पडद्यापलीकडून खुशालराव म्हणाला, “हे परवाचं खोटं हाय.”