चांगुलपणाचा फळा

आठवीच्या वर्गशिक्षिका बाईंना त्या फळ्याचा कोण अभिमान! वर्गाच्या मागच्या भिंतीवर हिरवं कापड ताणून त्यांनी तो स्वतः बनवला होता. नियम एकच. कुणी आपल्याला काही दिलं, मदत केली, की घेणाऱ्याने चिठ्ठी लिहायची. बाई त्यावर लाल पेनाने ‘शाब्बास’ लिहायच्या आणि टाचणीने लावायच्या. मुख्याध्यापिकांनी इतर शिक्षकांना आणून फळा दाखवला, तेव्हा तर बाई दोन दिवस हवेतच होत्या.

या महिन्यात मुंगीने सगळ्यांना मागे टाकलं होतं. मुंगी म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची अबोल मुलगी. नाव वर्गानेच पाडलेलं. एरवी खोडरबरसुद्धा नजर ठेवून देणारी ही पोर एकाएकी कर्ण होऊन बसली. शिक्षकांच्या खोलीत बाई हुरळून म्हणाल्या, “बघा, फळा लावला की पोरं कशी सुधारतात!”

“हल्ली ती चित्रं अर्धवट सोडते पण,” चित्रकलेचे सर म्हणाले.

“अहो, वयच तसं आहे,” म्हणत बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं ना, तसं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुंगी टेबलापाशी आली. हातात बाईंनीच तिला बक्षीस दिलेलं पेन होतं.

“बाई, हे तुमच्याकडे राहू दे. मला आता लागणार नाही.”

“अगं, परीक्षा तोंडावर आलीय आणि...” बाई हसत बोलता बोलता थांबल्या. हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांची नजर फळ्यावरच्या, मुंगीबद्दल लिहिलेल्या चिठ्ठ्यांकडे गेली.

रंगपेटी दिली, म्हणाली मला आता लागणार नाही. कंपास दिली, लागणार नाही म्हणाली. गोष्टींची पुस्तकं दिली, सगळी. स्वेटर दिला. थंडी तर अजून सुरूही झाली नव्हती. नऊ चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर बाईंचं ठसठशीत लाल ‘शाब्बास’.

‘काय वेडेपणा लावलायस?’ असं ओरडायला तोंड उघडलं होतं, ते बाईंनी मिटलं. खुर्ची सोडून त्या मुंगीच्या शेजारी बाकावर बसल्या आणि जे विचारायला जीभ रेटत नव्हती, तेच त्यांनी सरळ विचारलं.

“बाळा, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?”

मुंगीने मान हलवली. हो.

बाईंनी उपदेश केला नाही की शपथ घातली नाही. दारातल्या शिपाईमावशींना त्यांनी मुख्याध्यापिका आणि समुपदेशक ताईंना बोलवायला, मुंगीच्या आईला फोन करायला पिटाळलं.

“बाई, कुणाला सांगू नका ना.”

“सांगणार गं. पण तुला एकटं सोडणार नाही.”

मुंगीने फळ्याकडे बघितलं. “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“नाही गं, बाळा.”

“तुम्ही प्रत्येक चिठ्ठीवर शाब्बास लिहिलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. आणि मी करतेय ते तुम्हालाही बरोबर वाटतंय.”

बाईंनी मुंगीचा हात हातात घेतला. मुंगीची आई धापा टाकत दारात येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.