पडलेलं इंजिन, मारलेलं इंजिन

टेबलावरून पडलेलं आगगाडीचं छोटं इंजिन आणि हातोडीने मारलेलं छोटं इंजिन यांत फरक असतो, तो मला नुसत्या बोटांनीही कळतो. पडलेल्याचा एखादा कोपरा जातो. बफर वाकतो, पायरी तुटते, फार तर चाकांचा आस तिरका होतो. मारलेल्याचं आधी छप्पर जातं. घाव वरून येतो आणि सहसा एकच नसतो.

तरी गिऱ्हाईक "पडलं हो" म्हणालं की मी चिठ्ठीवर "पडलं" असंच लिहायचे. बाबांची तशी रीत होती. आपण इंजिनांचे डॉक्टर, पोलीस नव्हे, असं ते म्हणायचे. त्यांच्यामागे काम माझ्याकडे आलं. घराच्या पुढच्या खोलीत लांब टेबल, त्याला घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा, म्हणजे वाइस, आणि भिंतभर गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत चाकं, मोटरी, कार्बन, रबरी कडी. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, दोन वर्षं शाळेत शिकवलंही. पण चिमी झाली आणि तिला कुणाच्या हाती सोपवायला जीव धजेना. ती आता तीन वर्षांची आहे. एका इंजिनातून बारा-चौदा स्क्रू निघतात. मी ते मोजून काढते, मोजून लावते आणि एक जरी कमी भरला तरी आधी चिमीचं तोंड उघडून बघते. नवरा हसतो. हसू दे.

वर्षभर माझ्याकडे दोन भाऊ येत होते. थोरले काका मंगळवारी, धाकटे काका शुक्रवारी. वार मीच वेगळे ठेवले होते. त्यांच्या वडिलांनी घराच्या मोठ्या खोलीत आयुष्यभर खपून छोट्या गाड्यांचं जाळं उभं केलं होतं. डोंगर, बोगदे, स्टेशनं, सगळं. वडील गेले आणि भावांनी खोलीच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकली. रूळ मात्र फळीखालून तसेच राहिले. पूर्ण फेरी मारल्याशिवाय गाडी कसली, यावर दोघांचं एकमत. त्यामुळे एकाचं इंजिन फळीखालून दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं आणि परत यायचं ते छप्पर चेपून घेऊन.

"पडलं," थोरले सांगायचे.

"पडलं," धाकटे सांगायचे.

सुरुवातीला एकेक घाव असायचा. मग चार-चार. मग पक्कडीने पिरगाळलेली चाकं. एकदा धाकट्यांच्या इंजिनाची चाकं जोडणाऱ्या जोडदांड्यात पांढरे केस अडकलेले होते, मुळांसकट. मी ते चिमट्याने काढले, दांडे स्पिरिटने पुसले, चिठ्ठीवर लिहिलं, पडलं. दुसऱ्या मंगळवारी थोरले डोक्यावर टोपी घालून आले.

वडिलांनी दोघांना एकसारखी दोन काळी इंजिनं दिली होती. उन्हाळ्यात थोरल्यांचं आलं ते पिशवीतून, तुकड्यांत. सांगाडाच दुभंगला होता. "टाका भंगारात," ते म्हणाले आणि पाठ फिरवून डोळे पुसले. त्यानंतर दोन महिन्यांनी धाकट्यांचं आलं. त्याच्या पोटातलं पितळी दातेरी चक्र फुटलं होतं. ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. चार महिने शोधलं. जुना माल विकणाऱ्यांना पत्रं लिहिली, त्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरला फोन केले. एक चक्र आलं, तर त्याला एकोणतीस दात. मला तीस हवे होते. आणि मग आठवलं, तीस दातांचं एक चक्र भंगाराच्या डब्यात आहे. थोरल्यांच्या इंजिनातलं.

ते चक्र धड होतं. एका दातावर लाल रंगाचा बारीक ठिपका होता. दोन इंजिनांची अदलाबदल होऊ नये म्हणून वडिलांनी दिलेला असणार. मी तो पुसू शकत होते. पण आधीच्या कारागिराची खूण पुसायची नाही, हे बाबांनी मला लिहा-वाचायला शिकवण्याआधी शिकवलेलं. मी नाही पुसला.

शुक्रवारी सकाळी अकराला ते इंजिन टेबलावर उलटं ठेवलं होतं, पोटाचं झाकण उघडं, चाकं वर. नवं चक्र बसवलं की अर्धा तास असं फिरवून घ्यावं लागतं. शेजारी सोल्डरिंग आयर्न तापत होतं. धाकटे स्टुलावर बसून चहा पीत होते. चिमी टेबलाखाली लोहचुंबकाने सांडलेले स्क्रू गोळा करत होती.

"पैदा कुठून केलंत चक्र?"

"जुन्या मालात मिळालं."

"हाताला जादू आहे तुमच्या, ताई. आमच्या थोरल्याला सांगू नका हं, जळून खाक होईल."

तेवढ्यात दार ढकलून थोरलेच आत आले. हातात कागदी पिशवी, तिच्यात काहीतरी खुळखुळत होतं. "मंगळवारपर्यंत दम निघेना, ताई. बघा काय करून ठेवलंय त्या..."

भाऊ दिसला तसे ते थांबले. मग त्यांची नजर टेबलावर गेली. चक्र फिरत होतं, आणि दर फेरीला लाल ठिपका वर येत होता.

"हे माझं आहे," ते हळूच म्हणाले.

"नाव लिहिलंय का त्यावर?"

"बाबांनी दिलेला ठिपका आहे तो. मी धरलं होतं चक्र, त्यांनी ब्रश टेकवला. चोरा! मेल्या इंजिनाचं काळीज काढून नेलंस?"

"काका, मी सांगते, ते मी..." माझं वाक्य पूर्ण झालं नाही. थोरल्यांनी धाकट्यांची मानगूट धरली आणि तोंड वाइसवर आपटलं. मोडल्याचे आवाज मला ओळखता येतात. हा धातूचा नव्हता. कपात रक्त पडलं. धाकट्यांनी तोच कप भावाच्या कानशिलावर फोडला, वर गुडघा पोटात घातला. डब्यांची अख्खी ओळ खाली आली. थोरल्यांनी इंजिन उचललं, तारा तटकन तुटल्या, आणि ते त्यांनी भावाच्या डोक्यावर भिरकावलं. धाकटे वाकले. इंजिन टेबलाच्या पायावर आदळून फुटलं, चिमीपासून वीतभर अंतरावर. एक तुकडा उडून तिच्या कपाळाला चाटून गेला.

ती रडली नाही. तोंड घट्ट मिटून बसली.

"आता ठेचतोच त्याला," म्हणत थोरल्यांनी टेबलावरची हातोडी घेतली आणि ते गुडघ्यांवर बसले. त्यांना इंजिन दिसत होतं. चिमी दिसत नव्हती.

"काका, पोर आहे तिथे!"

ऐकू गेलं नाही. हातोडी वर गेली. मी सोल्डरिंग आयर्न उचललं आणि त्यांच्या मनगटावर टेकवलं. चर्र झालं, वास आला. दुसऱ्याच क्षणी हातोडी खाली पडली. मी मात्र चौथ्या क्षणापर्यंत दाबून धरलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग चिमीला ओढून घेतलं आणि तिचं तोंड उघडलं. रिकामं होतं. चुंबकाला सात स्क्रू चिकटलेले. दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. घाबरली असेल, म्हणून मी ती उघडली नाही.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" धाकटे नाकातलं रक्त हाताने पुसत माझ्यावर ओरडले. "माझ्या दादाचा हात जाळलात!"

"चल रे, चल इथून," थोरले त्यांच्या खांद्यावर रेलले. "बाई डोक्यावर पडलेली आहे."

आणि एकमेकांना धरून दोघे निघून गेले.

चिमीच्या कपाळाला टाका लागेल की काय म्हणून मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले, तर बाकावर दोघे शेजारी शेजारी. कंपाउंडर वही घेऊन उभा होता.

"नाकाला काय झालं?"

"दारावर पडलो," धाकटे म्हणाले.

"आणि हात?"

"इस्त्रीवर पडलो," थोरले म्हणाले.

तो लिहीत गेला. त्याची लिहिण्याची तऱ्हा मी ओळखली. माझीच होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाळाला काय झालं, ताई? पडली का?"

दोघे भाऊ माझ्याकडे बघत होते. किती विश्वासाने बघत होते! वर्षभर मी त्यांना निराश केलं नव्हतं. "हो, पडली" हे शब्द अगदी जिभेवर होते.

"मारलं," मी म्हणाले. "वरचंही खोडा. या थोरल्या काकांनी फेकलेलं इंजिन हिला लागलं. धाकट्यांचं नाकही यांनीच फोडलं. आणि यांचा हात मी जाळला."

"अहो ताई," थोरले खालच्या आवाजात म्हणाले, "घरातली गोष्ट. हवीय कशाला चारचौघांत?"

"माझ्या घरात झाली ती."

कंपाउंडरचं पेन अधांतरीच राहिलं. "असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं."

"कळवा. माझंही नाव लिहा."

तो डॉक्टरांना विचारायला आत गेला. तेव्हा चिमीने मूठ उघडून माझ्यापुढे धरली. तळहातावर तीस दातांचे वळ उमटले होते, आणि मधोमध ते पितळी चक्र, लाल ठिपक्यासकट. एवढ्या मारात त्याचा एक दातही गेला नव्हता.

दोन्ही भावांचे हात एकदम पुढे आले, एक रक्ताचा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

मी चिमीची मूठ पुन्हा मिटली.