अकराच्या ठोक्याला रडणारी बाटली

चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. वेदीजवळच्या काचेच्या कपाटात पवित्र तेलाच्या तीन बाटल्या असतात. त्यातली खिडकीकडची, आजाऱ्यांच्या कपाळाला लावायच्या तेलाची बाटली नऊ दिवस रोज रडत होती. अकराचा ठोका पडला, बुचाखालून थेंब ओघळला आणि गर्दीने हुंदका दिला.

"तेल रडतंय हो, तुमच्या दुखण्यापायी रडतंय!" दारातला मेणबत्तीवाला ओरडला. "हा घ्या अश्रूंत भिजलेला कापूस! गुडघे, दमा, साखर, सासूचा स्वभाव, सगळ्यावर एकच इलाज. पण गोळी घेतलीत की गुण गेला!"

सासूचं जाऊ द्या. माझ्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या बंद करून पायाच्या जखमेवर हा कापूस बांधला होता आणि जखम काळी पडत चालली होती. मी औषधाच्या दुकानात काम करते. बोलायला गेले तर म्हणाली, "काल गोळ्या विकायला शिकलीस, आज मला देव शिकवतेस?" मला रडूच आलं, आणि मग संताप.

मी चर्चची देखभाल करणाऱ्या काकांना गाठलं. "काका, त्या बाटलीत तेल कोण भरतं?"

"मीच. रोज संध्याकाळी, काठोकाठ. यंदाचं नवं तेल आलं, पण गेल्या वर्षीचं डबाभर उरलंय. आशीर्वादाचं तेल टाकवत नाही गं, म्हणून नऊ दिवस तेच ओतून संपवतोय."

"अहो काका," मागून आलेले फादर कपाळावर हात मारून म्हणाले, "उरलेलं तेल वेदीजवळच्या दिव्यात जाळायचं असतं!"

माझी ट्यूब पेटली. अकराच्या सुमारास खिडकीतलं ऊन नेमकं त्याच बाटलीवर येतं. दुकानात एरंडेलाच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून उन्हात ठेवल्या, की दुपारी फळी चिकट होते. त्यापायी मी मालकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी फादरांच्या परवानगीने मी कपाटावरचं ऊन पडद्याने अडवलं आणि खिडकीत माझी डोक्याच्या तेलाची बाटली ठेवली, काठोकाठ भरून. अकरा वाजले. पवित्र बाटली कोरडी ठणठणीत.

"आत कुणीतरी पापी शिरलंय!" मेणबत्तीवाला किंचाळला.

तेवढ्यात माझ्या बाटलीतून थेंब ओघळला.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "हे तर तुझं केसांचं तेल. याला कसलं दुःख?"

सगळं चर्च हसलं. मग मी सांगितलं, तेल तापलं की फुगतं, वर जागा नसली की बाहेर येतं. फादरांनी विक्रीचा कापूस हुंगला. "हे भजी तळलेलं तेल आहे!" मेणबत्तीवाल्याने टोपलीसकट धूम ठोकली.

फादरांनी मावशीच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. "आता दवाखान्यात चला. मीसुद्धा रक्तदाबाची गोळी घेतो, देव रागावलेला नाही." डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं. मावशी आता त्याच पावलाने चालत चर्चला जाते, गोळी घेऊन.

तुम्हीही खुशाल जा. दारात टोपी काढा, डोकं मात्र आत न्या.